घरगुती ब्रूइंगचा प्राथमिक संच: नागपूरच्या हवेत कितपत उपयोगी?

घरी बिअर तयार करण्यासाठी म्हणून ऑनलाइन विकला जाणारा पाच लिटरचा एक प्राथमिक संच मी गेल्या हिवाळ्यात मागवला आणि पुढे भर उन्हाळ्यातही वापरून पाहिला. प्लॅस्टिकची झाकणाची बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप), हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणारी तरंगती काचेची नळी), बादलीवर चिकटवायची तापमानपट्टी, सायफनची नळी, निर्जंतुकीकरणाची पावडर, माल्ट अर्काचा (मोड आणलेल्या धान्याच्या अर्काचा) डबा, यीस्टची पुडी आणि तारेच्या खटक्याचे बूच असलेल्या काचेच्या बाटल्या एवढे साहित्य त्यात येते. किंमत तीन हजारांच्या आतबाहेर आहे.

जी गोष्ट खोक्यावर ठळक छापायला हवी होती आणि कुठेच छापलेली नाही, ती आधी सांगतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या स्वयंपाकघरात आणि स्वतःपुरते का असेना. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर संपूर्ण दारूबंदी आहे. हे ग्राहकाला न सांगता असा संच विकणे मला मुळीच पटत नाही. म्हणून माल्टचा डबा बाजूला ठेवून मी या साहित्यावर आल्याची जिंजर बिअर केली. आंबवण्याची क्रिया तीच असते, फक्त अल्कोहोल नाममात्रच राहावे म्हणून ती अगदी सुरुवातीलाच थांबवावी लागते, आणि ती नेमकी कधी थांबवायची हे ज्या उपकरणामुळे कळते तो हायड्रोमीटर ही या संचातील सर्वांत मोलाची वस्तू आहे.

दूध डेअरीतला लॅक्टोमीटर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर हाही चालतो. लिटरला १०० ग्रॅम साखर घातली की तो साधारण १.०३८ दाखवतो, यीस्ट साखर खाऊ लागले की द्रव हलका होतो आणि आकडा उतरतो. घनता ०.००१ ने उतरली की सुमारे ०.१३ टक्के अल्कोहोल तयार झाले असे समजावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांत ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले पेय मद्यात मोडते, त्यामुळे १.०३५ हा आकडा दिसताच सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये गेल्या पाहिजेत. बाटल्या भरताना एक लहान प्लॅस्टिकची बाटली केवळ मोजमापासाठी वेगळी ठेवावी. त्यातला नमुना मोजण्यापूर्वी चांगला ढवळून त्यातला वायू काढून टाकावा, कारण काचेच्या नळीला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात आणि आकडा खोटा वाढतो. शिवाय हा हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला प्रमाणित केलेला आहे. नमुना ३० अंशांचा असेल तर वाचनात सुमारे ०.००२ मिळवावे लागतात. सोबतच्या माहितीपत्रकात यांतले एक अक्षरही नाही.

माहितीपत्रकाची खरी उणीव मात्र तापमानाबाबतची आहे. ‘खोलीच्या तापमानाला दोन दिवस ठेवा’ ही सूचना थंड देशातल्या घरासाठी ठीक आहे. अशा यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या घरात हे तापमान फारसे काही न करता मिळते आणि आल्याचा झणका स्वच्छ उतरतो. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा तापमानपट्टीवरचे आकडेच संपतात आणि ती कोरी दिसते. एवढ्या उष्णतेत यीस्ट झपाट्याने काम करते, आणि सूचनेप्रमाणे दोन दिवस बाहेर ठेवलेल्या काचेच्या बाटल्या दाबाने फुटू शकतात. उन्हाळ्यात घमेल्यात पाणी घेऊन त्यात बादली ठेवावी, तिच्याभोवती ओला पंचा गुंडाळावा आणि ती कूलरच्या झोतात ठेवावी. विदर्भाची हवा कोरडी असल्याने हा उपाय चांगला लागू पडतो. पावसाळ्यात दमटपणा वाढला की त्याचा जोर ओसरतो. तरीही उन्हाळ्यात दर काही तासांनी मोजमाप घेण्याची तयारी नसेल तर हे काम हिवाळ्यापर्यंत पुढे ढकललेलेच बरे.

बाकीचे साहित्य बरे आहे. बादली जाड असून तिची तोटी गळत नाही. एअरलॉकचा एवढ्या अल्प मुदतीच्या आंबवणीत फारसा उपयोग होत नाही. पावडर वापरल्यावर भांडी उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावी लागतात. पेयासाठीही नळाचे पाणी उकळूनच घ्यावे, म्हणजे त्यातले क्लोरीन उडून जाते. आले उकळताना नागपुरी संत्र्याची साल टाकली तर पेयाला सुरेख गंध येतो, मात्र सालीमागचा पांढरा भाग खरवडून काढावा, नाहीतर कडवटपणा उतरतो. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्येही संत्र्याची साल आणि धणे पडतात, त्यामुळे हा मेळ काही उपरा नाही.

काचेच्या बाटल्या दिसायला देखण्या असल्या तरी त्यांच्या बुचांचे रबरी वायसर सैल निघाले आणि त्यांतून वायू निसटत राहिला. नवशिक्यांनी सोड्याच्या जाड प्लॅस्टिक बाटल्याच वापराव्यात, कारण बाटली दाबून पाहिली की आतला दाब हाताला कळतो. यीस्टची पुडी ११.५ ग्रॅमची, म्हणजे वीसेक लिटरला पुरणारी आहे. पाच लिटरला तिचा चौथा भागही पुष्कळ होतो. उरलेली पुडी घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावी, आणि नवी मागवायची असल्यास एप्रिल-मे टाळावे, कारण कुरियरच्या तापलेल्या गाडीत यीस्टचा जोम बराच घटतो.