लाँच मॉनिटर आधी आपल्या जागेला जुळला पाहिजे: गार्मिन आर१० आणि त्याचे पर्याय

पुण्यात जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत गोल्फचा सराव सलग होत नाही. रेंजवरच्या, म्हणजे सराव मैदानावरच्या, मॅट भिजलेल्या असतात, चेंडू चिखलात रुततात आणि सकाळी सहाला उघडीप मिळेलच याची खात्री नसते. म्हणून आम्ही घराच्या गच्चीवरील पत्र्याच्या शेडमध्ये नेट आणि मॅट लावून घेतली. मात्र नेटमध्ये मारलेला चेंडू तीन मीटरवर अडतो. तो मोकळ्या मैदानात सरळ गेला असता की उजवीकडच्या झाडांत, हे हाताला जाणवलेल्या धक्क्यावरून ठरवावे लागते, आणि हा अंदाज फार वेळा चुकतो. त्यासाठी लाँच मॉनिटर, म्हणजे चेंडू कोणत्या वेगाने आणि दिशेने सुटला हे मोजणारे यंत्र, घ्यायचे ठरले. दोन पावसाळे आणि मधला कोरडा हंगाम गार्मिनचा ॲप्रोच आर१० वापरल्यानंतर, आणि त्याआधी बरेच महिने इतर पर्यायांचा अभ्यास केल्यानंतर, हे परीक्षण लिहीत आहे.

या यंत्रांची दोन घराणी आहेत आणि निवड करताना सर्वांत आधी हाच फरक समजून घ्यावा लागतो. पहिले घराणे डॉप्लर रडारचे. हे यंत्र चेंडूच्या मागे ठेवतात. हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरींच्या बदललेल्या कंप्रतेवरून ते क्लबचा (गोल्फच्या काठीचा) आणि चेंडूचा वेग काढते. डेन्मार्कची ट्रॅकमन, दक्षिण आफ्रिकेची फ्लाइटस्कोप आणि गार्मिनचा आर१० या घराण्यातले. दुसरे घराणे कॅमेऱ्याचे. फोरसाइटचा जीसीक्वाड किंवा स्कायट्रॅक चेंडूच्या शेजारी बसतो आणि चेंडू क्लबवरून सुटताच, पहिल्या फूटभरातच, त्याची अतिवेगवान छायाचित्रे घेतो. दोन छायाचित्रांमध्ये चेंडू किती सरकला यावरून वेग व दिशा मिळते आणि त्याच्यावरील खुणा किंवा खळगे किती फिरले यावरून स्पिन मिळतो. पहिल्या घराण्याला चेंडू उडताना दिसावा लागतो, तर दुसऱ्याला तो सुटताना दिसला की पुरते. बंदिस्त जागेत आणि मोकळ्या मैदानात ही यंत्रे वेगवेगळी का वागतात, याचे उत्तर या एका फरकात आहे.

माझ्या गच्चीचेच गणित मांडून पाहू. मॅटपासून नेटपर्यंत ९ फूट, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर अंतर आहे. माझ्या ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने, चेंडू ताशी १३० मैलांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ५८ मीटर वेगाने सुटतो. हे अंतर तो सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात पार करतो. मिनिटाला ३,००० फेरे हा स्पिन धरला, तर तेवढ्या वेळात चेंडूच्या जेमतेम दोन-अडीच गिरक्या होतात. साध्या पांढऱ्या चेंडूच्या अडीच गिरक्या पाहून छोट्या रडारने स्पिन अचूक सांगावा, ही अपेक्षाच अवास्तव आहे. ७ आयर्न या मध्यम अंतराच्या क्लबने चेंडू हळू सुटतो आणि जास्त फिरतो, त्यामुळे तेवढ्याच अंतरात सहा गिरक्या मिळतात; परिस्थिती थोडी सुधारते, पण फार नाही. टायटलिस्टने २०२२ मध्ये आरसीटी चेंडू आणले ते नेमक्या याच अडचणीसाठी. त्यांच्या आत रडारला ठळक दिसेल अशी खूण असते, त्यामुळे कमी अंतरातही फिरणे ओळखता येते. फ्लाइटस्कोपचा मेव्हो प्लस घेणारे याच कारणासाठी घरातल्या सरावात चेंडूवर धातूची लहान टिकली चिकटवतात.

जेथे स्पिन मोजता येत नाही तेथे यंत्र तो क्लबच्या मार्गावरून, चेंडूच्या कोनावरून आणि वेगावरून हिशेबाने काढते. परीक्षणे वाचताना हा फरक नजरेआड होतो, कारण पडद्यावर मोजलेला आकडा आणि हिशेबाने काढलेला आकडा सारखेच दिसतात. विशेषतः चेंडू किती वळेल हे जेव्हा केवळ हिशेबाने ठरते, तेव्हा एक मोठी गोष्ट निसटते. ड्रायव्हरच्या तोंडाच्या मध्यापासून बाजूला, टोकाकडे किंवा टाचेकडे चेंडू लागला, तर क्लबचे डोके किंचित फिरते आणि चेंडूला उलट दिशेची फिरकी मिळते. यालाच गिअर इफेक्ट म्हणतात. टोकाला लागलेला चेंडू उजव्या हाताच्या खेळाडूसाठी डावीकडे वळतो, टाचेला लागलेला उजवीकडे. चेंडू तोंडावर नेमका कुठे लागला हे न पाहणाऱ्या यंत्राला हे कळण्याचा मार्ग नाही. म्हणून गच्चीवर ड्रायव्हर मारताना मी चेंडूच्या वळणाकडे पाहत नाही. क्लबच्या तोंडावर पायाला लावायची पावडर मारतो आणि डाग कुठे उमटला ते पाहतो. दोन-तीन रुपयांच्या पावडरीतून मिळणारी ही माहिती अत्यंत विश्वासार्ह आहे.

आर१० वर मी भरवसा ठेवतो तो बॉल स्पीड, उड्डाणाचा कोन आणि सुरुवातीची दिशा या तीन आकड्यांवर. कंपनी स्वतः बॉल स्पीडसाठी ताशी अधिक-उणे १ मैल, कोन व दिशा यांसाठी १ अंश, कॅरीसाठी (चेंडू हवेतून जातो त्या अंतरासाठी) ५ यार्ड आणि क्लब स्पीडसाठी ३ मैल इतकी मर्यादा सांगते. शेवटच्या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग म्हणजे स्मॅश फॅक्टर, आणि तो सुधारण्याच्या मागे अनेक जण लागतात. माझा क्लब स्पीड ९२ मैल आणि बॉल स्पीड १३० मैल असेल, तर स्मॅश १.४१ येतो, पण क्लब स्पीड प्रत्यक्षात ८९ असेल तर तोच १.४६ होतो आणि ९५ असेल तर १.३७. एका फटक्यात १.३८ आणि पुढच्यात १.४४ दिसले, तर आपला फटका सुधारला असा निष्कर्ष काढू नये. पन्नास फटक्यांची सरासरी महिन्यामागून महिना वर सरकत असेल, तर तो निष्कर्ष जरूर काढावा.

मोकळ्या मैदानात मात्र या छोट्या यंत्राबद्दल माझे मत फारच अनुकूल आहे. त्याची पारख मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केली आणि ही पद्धत प्रत्येकाने वापरावी असे मनापासून वाटते. रात्री चांगला पाऊस होऊन गेलेला, सकाळी वारा नाही, जमीन मऊ. अशा वेळी चेंडू पडतो तेथेच रुततो, घरंगळत नाही, त्यामुळे जमिनीवरची खळगी म्हणजेच कॅरी. प्रत्येक फटक्याआधी चेंडू आणि क्लबचे तोंड कोरडे पुसून घेतले, कारण ओल्या तोंडाने स्पिन घटतो आणि चेंडू वेगळ्याच कोनात सुटतो. लेझर रेंजफाइंडरने अंतरे मोजली. ७ आयर्नच्या दहा फटक्यांपैकी आठ फटक्यांत यंत्राने सांगितलेली आणि जमिनीवर मोजलेली कॅरी यांत ५ यार्डांपेक्षा कमी फरक होता. हौशी खेळाडूला याहून जास्त लागत नाही. माझ्या स्वतःच्या दोन फटक्यांमध्ये यापेक्षा अधिक फरक असतो.

ही पारख चांगल्या चेंडूंनी करावी लागते. रेंजचे चेंडू झिजलेले असतात आणि काही ठिकाणी मुद्दाम कमी जाणारे ठेवलेले असतात. ट्रॅकमनसारखे मोठे रडार चेंडूचा जमिनीपर्यंत पाठलाग करते. छोटे यंत्र सुरुवातीचा भाग पाहून उरलेल्या उड्डाणाचा हिशेब करते आणि तो करताना चेंडू चांगल्या अवस्थेतला आहे असे गृहीत धरते. वाऱ्याचीही त्याला पुरती कल्पना नसते. रेंजच्या चेंडूंवर बसवलेला अंतरांचा तक्ता घेऊन सामन्याला गेलो, तर ग्रीनच्या (छिद्राभोवतीच्या हिरवळीच्या) मागे चेंडू शोधत फिरावे लागते. उंचीचाही परिणाम होतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथील विरळ हवेत चेंडू साधारण २ टक्के लांब जातो. म्हणजे पुण्यात १५० यार्ड जाणारा क्लब चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ मैदानावर तीन यार्ड कमी जाईल. तीन यार्ड थोडे वाटतात, पण ग्रीनच्या तोंडाशी वाळूचा बंकर असेल तर ते थोडे नसतात.

यंत्र मांडण्यात आळस केला, तर या सगळ्या मोजमापाला अर्थ उरत नाही. आर१० चेंडूच्या मागे ६ ते ८ फुटांवर, लक्ष्याच्या रेषेत ठेवायचा असतो. तो २ अंशांनी जरी तिरका बसला, तरी १५० यार्डांवर दिशेत ५ यार्डांची चूक होते. पहिले तीन आठवडे मी केवळ डोळ्यांच्या अंदाजाने रेषा धरत होतो आणि चेंडू सतत उजवीकडे जात असल्याचे दिसत होते म्हणून विनाकारण पकड बदलत राहिलो. मग मॅटखाली दोरी ताणून रेषा आखली, तेव्हा चूक मांडणीत होती हे उमगले. शेडमधला फिरता पंखाही सरावाच्या वेळी बंद ठेवावा, कारण रडारच्या दृष्टीने फिरते पाते हीदेखील हलती वस्तूच असते.

रॅप्सोडोचा एमएलएम२प्रो २०२३ मध्ये ७०० डॉलरला आला, तर आर१० २०२१ मध्ये ६०० डॉलरला आला होता. त्यामुळे घेणारा या दोघांतच घुटमळतो. रॅप्सोडो रडारसोबत दोन कॅमेरेही वापरतो आणि विशिष्ट खुणा छापलेल्या आरपीटी चेंडूंवर स्पिन खरोखर मोजतो. ज्याला वेजच्या (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबच्या) स्पिनवर काम करायचे आहे त्याच्यासाठी हा मोठा गुण आहे, आणि प्रत्येक फटक्याची चित्रफीत लगेच दिसणे शिकणाऱ्याला फार उपयोगी पडते. मात्र हे चेंडू महाग असतात आणि सिम्युलेटरसह बहुतेक सोयींसाठी वर्षाला वर्गणी पडते. आर१० चीही आभासी मैदानांसाठी वर्गणी आहे, पण केवळ सरावाचे आकडे पाहण्यासाठी ती भरावी लागत नाही. मला मैदाने खेळायची नव्हती, आकडे हवे होते, म्हणून कौल आर१० कडे गेला.

दुसरे कारण घरातलेच आहे. माझा मुलगा डावखुरा आहे. चेंडूच्या शेजारी बसणारा कॅमेरा डावखुऱ्या खेळाडूसाठी उचलून पलीकडे ठेवावा लागतो आणि पुन्हा समतल करावा लागतो. आम्ही दोघे आळीपाळीने पाच-पाच चेंडू मारतो, तेव्हा हे अशक्यच होते. मागे ठेवलेल्या रडारला ॲपमध्ये हात बदलून सांगितला की काम भागते.

तरीही ज्यांचा सराव मुख्यतः बंदिस्त जागेत आहे त्यांना मी रडार घ्या असे सांगणार नाही. रडारला मागे सात-आठ फूट आणि पुढे किमान आठ फूट जागा हवी, शिवाय नेटमागे थोडे मोकळे अंतर. म्हणजे १७-१८ फुटांखाली विचारच करू नये. कॅमेऱ्याचे यंत्र बारा फुटांच्या खोलीतही नीट चालते. २०२३ चा स्कायट्रॅक प्लस ३,००० डॉलरच्या आत मिळत असे आणि चेंडूचा स्पिन छायाचित्रांवरून मोजत असे. त्याच वर्गातील बुशनेलच्या लाँच प्रोमध्ये फोरसाइटच्या जीसी३ चीच तीन कॅमेऱ्यांची रचना आहे. कॅमेऱ्यांना प्रखर उन्हाचा त्रास होतो, त्यामुळे बाहेर नेताना सावली करावी लागते. जीसीक्वाड दहा हजार डॉलरच्या वर आणि ट्रॅकमन ४ वीस हजारांच्या वर. ही यंत्रे अकादमीत जाऊन तासावर वापरावीत आणि वर्षातून दोनदा आपल्या छोट्या यंत्राचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहावेत.

खोलीची लांबी सगळे मोजतात, उंची मात्र राहून जाते. आपल्याकडच्या सदनिकांत छत साधारण साडेनऊ फुटांवर असते आणि त्यात पंखा असतो. पावणेसहा फुटांचा माणूस तेथे वेज आणि आयर्न मारू शकेल, पण ड्रायव्हर मारताना छताच्या भीतीने त्याचा स्विंग नकळत आखडतो, आणि आखडलेल्या स्विंगचे आकडे कितीही अचूक मोजले तरी उपयोगाचे नसतात. एका विक्रेत्याने मला फोनवर कोणतीही खोली चालेल असे ठामपणे सांगितले होते आणि खोलीचे एकही माप विचारले नव्हते. त्याच्याकडून मी काहीच घेतले नाही. पैसे देण्याआधी हातात ड्रायव्हर घेऊन, चेंडू न ठेवता, त्याच जागी पूर्ण वेगाने वीस स्विंग करून पाहावेत.

खर्च धरताना मॅट विसरू नये. पातळ मॅट काँक्रीटवर टाकली, तर कोपर दुखायला लागते. शिवाय मॅटवर चेंडूच्या आधी दोन इंच लागलेला क्लबही घसरत पुढे जातो आणि यंत्र त्याला चांगली कॅरी देते. तोच फटका फेअरवेच्या गवतावर निम्माच जाईल. लाँच मॉनिटर हा दोष दाखवत नाही. मी चेंडूच्या चार इंच मागे घडी केलेला रुमाल ठेवतो आणि क्लब रुमालाला लागला तर तो फटका, कॅरी कितीही आली तरी, नोंदीतून काढून टाकतो. आरसीटी चेंडूंचा एक डझन केवळ गच्चीसाठी राखून ठेवला आहे. पावसाळ्यात त्यांच्यावर मिळालेले वेग आणि कोन वहीत उतरवतो. अंतरांच्या रकान्यात मात्र ऑक्टोबरमधल्या त्या मऊ जमिनीवर लेझरने मोजलेले आकडेच लिहितो.