लवंग, टी ट्री की गवती चहा? पावसाळ्यासाठी एकच बाटली घ्यायची तर

जून संपत आला की दादरच्या आमच्या घरात कपाट उघडताच कुबट वास येतो आणि चामड्याच्या पट्ट्यावर बुरशीचे पांढुरके ठिपके दिसतात. त्याच सुमाराला कुणाचा कोंडा वाढतो, तर लोकलच्या गर्दीत ओले बूट घालून फिरणाऱ्याला चिखल्या होतात. मग ‘कुठलं तेल आणू?’ हा प्रश्न निघतो. दुकानदाराला विचाराल तर सगळीच तेलं सगळ्यावर चालतात. लेबलंही तेच सांगतात: अँटीऑक्सिडंट आणि अँटीबॅक्टेरियल, दोन्ही. प्रत्यक्षात हे दोन गुण प्रत्येक तेलात जोडीने येत नाहीत.

येतात ते लवंगेत. लवंग तेलात साधारण 70 ते 85 टक्के युजेनॉल असतं. हे फिनॉल जातीचं रसायन स्वतःकडचा हायड्रोजन देऊन फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, शांत करतं; हाच अँटीऑक्सिडंट गुण. प्रयोगशाळेत हा गुण तपासायला डीपीपीएच नावाचं फ्री रॅडिकल वापरतात; त्याच्या गडद जांभळ्या द्रावणात लवंग तेल घातलं की ते बघता बघता पिवळं पडतं. निलगिरी घातली तर जांभळा रंग फारसा हटत नाही. हेच युजेनॉल जंतूंच्या पेशीचं आवरणही खिळखिळं करतं. ओव्यातलं थायमॉल याच कुळातलं, म्हणजे सासूबाईंची ओव्याची पुरचुंडी अगदीच भाबडी नव्हती.

पण लवंग तेल जहाल. माझ्या बाटलीच्या ड्रॉपरचं रबर महिन्याभरात फुगून चिकट झालं, त्यावरून त्वचेचं काय होईल ते ओळखा. 30 मिली खोबरेलात तीन थेंब, त्याहून जास्त नको. लेबलवर ‘कळी’ की ‘पान’ तेही बघा. पानाचं तेल स्वस्त असतं, पण युजेनॉल त्यातही भरपूर, त्यामुळे कपाट पुसायला तेच आणावं.

कोंड्यासाठी मात्र मी टी ट्रीच घेईन. हे ऑस्ट्रेलियातल्या मेलाल्युका आल्टर्निफोलिया या झाडाचं तेल, त्यातलं मुख्य कामाचं रसायन टर्पिनेन-4-ऑल. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 126 जणांपैकी काहींनी 5 टक्के टी ट्रीचा शाम्पू चार आठवडे वापरला. त्यांचा कोंडा 41 टक्क्यांनी उतरला, बिनतेलाचा शाम्पू वापरणाऱ्यांचा 11 टक्क्यांनी. काचपात्रात तेलाभोवती जंतू न वाढल्याने जी मोकळी वर्तुळं दिसतात, त्यांच्यापेक्षा माणसांवरची अशी चाचणी मला जास्त पटते. तेल पाण्यात नीट मिसळत नाही, त्यामुळे त्या वर्तुळांच्या मापावर फार विसंबता येत नाही.

टी ट्रीची गोम अशी की हवा आणि उजेड लागला की ते स्वतःच ऑक्सिडाइज होतं, आणि तसं जुनं तेल अंगावर पुरळ उठवतं. मुंबईच्या उकाड्यात खिडकीतली अर्धी रिकामी बाटली म्हणजे ऐन तोच प्रकार. 10 मिलीचीच घ्या, गडद काचेची, आणि फ्रीजच्या दारात ठेवा. घरात मांजर असेल तर हे तेल नकोच, त्यांना ते विषारी आहे.

गवती चहाच्या तेलात 70-80 टक्के सिट्रल हे रसायन. बुरशीवर ते चांगलं चालतं, आणि नुसती वाफही बुरशीची वाढ रोखते. म्हणून बंद कपाटाला हे बरं: आधी बुरशी पुसून कपाट कोरडं करायचं, मग वाटीत कापूस ठेवून त्यावर चार-पाच थेंब. भिंतीत ओल मुरत असेल तर मात्र हा खर्च वाया, आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. फ्री रॅडिकलच्या बाबतीत हे तेल लवंगेच्या जवळपासही येत नाही.

निलगिरी सर्दीत वासापुरती ठीक. लहान मुलांपासून दूर ठेवा, पोटात गेल्यास झटके येऊ शकतात.

‘अँटीऑक्सिडंट आहे म्हणून’ यातलं कुठलंच तेल पाण्यात टाकून प्यायचं नाही. तो गुण हवा असेल तर लालबागच्या मसाला गल्लीतून अख्ख्या लवंगा आणा आणि आमटीच्या फोडणीत टाका.

माझ्याकडे सध्या टी ट्री फ्रीजमध्ये आहे आणि गवती चहा कपाटात. लवंगेची बाटली ड्रॉपर काढून साधं बूच लावून ठेवली आहे, पट्टा पुसायला.