चेक परत आला: एकशे अडतीस टाकावी की फसवणुकीचा गुन्हा?

चेक वटला नाही की जवळच्या माणसांकडून दोन सल्ले येतात. एक म्हणतो, ‘चारशेवीस लाव, पोलिसांचा फोन गेला की पैसे घरी आणून देईल.’ दुसरा म्हणतो, ‘एकशे अडतीस टाक’, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली चेक न वटल्याची फिर्याद थेट कोर्टात कर. मी २०२२ साली दोन्ही दारं ठोठावली. चेक उसन्या पैशांपोटी दिलेला, साडेचार लाखांचा होता आणि देणारा पंधरा वर्षांपासूनचा मित्र. त्या अनुभवावर हे लिहितोय. मी वकील नाही, त्यामुळे कागद वकिलाला दाखवून मगच ठरवा.

कलमं बहुतेकांना माहीत असतात, म्हणून थोडक्यात. फसवणुकीचं जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) झालं आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना ते लागतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. एकशे अडतीसमध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही; गुन्हा जामीनपात्र आणि पोलिसांचा त्यात संबंध नाही. कागदावर बघितलं तर पहिलं हत्यार जड वाटतं. मलाही वाटलं होतं, म्हणून मी आधी पोलीस ठाण्यात गेलो.

तिथे कुणी उद्धटपणा केला नाही. अर्ज घेतला, चौकशीला एका फौजदारांकडे दिला. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘पैसे घेतले तेव्हाच बुडवायचे होते, असं तुम्हाला म्हणायचंय का?’ मी हो म्हटलं. ‘मग पहिले दोन हप्ते कसे दिले?’

या प्रश्नावर मी अडकलो. पुढच्या प्रत्येक फेरीत तोच प्रश्न आला. मधे फौजदारांची बदली झाली, नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि गाडी पुन्हा त्याच दोन हप्त्यांवर येऊन थांबली. शेवटी ‘दिवाणी स्वरूपाचं दिसतंय’ हे वाक्य ऐकून घरी आलो. खूप राग आला होता. पण त्या रात्री शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की प्रश्न बरोबर होता. कायद्याच्या व्याख्येत फसवणूक म्हणजे घेतानाच खोटा हेतू असणं. नंतर धंदा बसला, देणं थकलं, माणूस तोंड चुकवू लागला, एवढ्याने ती होत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने पुनःपुन्हा सांगितलं आहे. माझ्या मित्राच्या मनात पहिल्या दिवशी काय होतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. ते माहीत असल्याचं सही करून लिहून द्यायचं, हेच मला जड गेलं. माझा निर्णय तिथे झाला.

एकशे अडतीसमध्ये हा प्रश्नच कुणी विचारत नाही. चेक त्याच्या खात्याचा, सही त्याची, देणं कायदेशीर, खात्यात पैसे नाहीत, नोटीस मिळूनही पंधरा दिवसांत भरले नाहीत: एवढ्यावर गुन्हा उभा राहतो. शिवाय कलम १३९ प्रमाणे चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कोर्ट गृहीत धरून चालतं आणि तसं नव्हतं हे दाखवायचं ओझं समोरच्यावर जातं. मी पैसे बँकेतून पाठवले होते, त्यामुळे खातेउतारा जोडला आणि माझी बाजू बऱ्यापैकी भरली. रोख दिले असतील तर उलटतपासात जास्त घाम गाळावा लागेल, ही तयारी ठेवा.

पण या वाटेला मुदतींचा काच आहे, आणि माझी केस त्यातच जाणार होती. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस. ते संपले की एका महिन्यात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडे माफी मागता येते, नोटिशीच्या उशिराला ती सोय नाही. मी पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांत २३ दिवस घालवले आणि नोटीस २७ व्या दिवशी निघाली. कुणाचे ३० दिवस उलटले असतील तर चेकचे तीन महिने अजून शिल्लक आहेत का ते बघा. असतील तर तो पुन्हा भरता येतो आणि चेक परत आल्याच्या बँकेच्या नव्या चिठ्ठीवरून (मेमो) नव्याने मोजणी सुरू होते. नोटिशीत चेकची रक्कम जशीच्या तशी मागा. व्याज, मानसिक त्रास वगैरे त्या आकड्यात मिसळू नका.

वेळेबाबत खोटी आशा दाखवणार नाही. कायदा म्हणतो सहा महिन्यांत खटला संपवायचा प्रयत्न व्हावा. माझ्याकडे सव्वादोन वर्षं आणि २६ तारखा झाल्या, त्यातल्या नऊ निव्वळ समन्स बजावण्यात गेल्या. पहिल्या पत्त्यावर तो राहत नव्हता, दुसऱ्यावरून पाकीट परत आलं, शेवटी जामीनपात्र वॉरंटवर हजर झाला. तरी पुढची तारीख मला नेहमी माहीत असायची. पोलीस ठाण्यात माझा अर्ज कुठल्या टेबलावर आहे, हे विचारायलाच अर्धा दिवस जायचा.

अटकेच्या धाकाबद्दल म्हणाल, तर तो आता पूर्वीसारखा उरलेला नाही असं माझं मत आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. त्यामुळे बरेचदा आधी हजर राहण्याची नोटीसच जाते. गुन्हा दाखल झालाच तर खटला ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ असा चालतो आणि आपण त्यात साक्षीदार उरतो. तपासात दिवाणी ठरलं तर सी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल, होऊन फाईल बंद होऊ शकते. एकशे अडतीसमध्ये फिर्यादी मी होतो. २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १४३अ खाली अंतरिम भरपाई मागितली. २० टक्क्यांपर्यंत देता येते, ती द्यायची की नाही हे कोर्टावर असतं. मला दहा टक्के मिळाले, म्हणजे ४५ हजार. त्यानंतर त्याच्या वकिलाचा फोन आला. उरलेली रक्कम तीन टप्प्यांत आली, शेवटचा टप्पा जमा झाल्यावर मी पुरशिस, म्हणजे पैसे मिळाल्याचं कोर्टाला लेखी निवेदन, दिली आणि केस निकाली निघाली. फसवणुकीचा गुन्हाही मिटवता येतो, पण कोर्टाची परवानगी लागते, आणि आरोपपत्राआधीच संपवायचा तर बहुधा उच्च न्यायालय गाठावं लागतं.

तरीही काहींना मी पोलीस ठाण्यातच पाठवीन. चेक दिला त्या दिवशी खातं आधीच बंद होतं, सही मुद्दाम वेगळी केली होती, एकच फ्लॅट तिघांना विकला होता, अशा ठिकाणी हेतू कागदावरच दिसतो. चेकच नसेल तर एकशे अडतीसचा प्रश्न येत नाही. आणि शेकडो लोकांच्या ठेवी अडकवणारी संस्था असेल तर आपल्या राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, जास्त कामाचा. त्यात शिक्षा सहा वर्षांपर्यंत आहे, पण खरा आधार म्हणजे मालमत्ता जप्त होते. तिथे एकट्याने चेक घेऊन कोर्टात बसण्यापेक्षा बाकीच्या ठेवीदारांबरोबर आर्थिक गुन्हे शाखेत जाणं बरं.

दोन्ही एकदम करावं का, असं बरेच जण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दोन्ही गुन्ह्यांचे घटक वेगळे असल्याचं म्हटलं होतं, त्यामुळे दार अगदी बंद नाही. माझ्या वकिलांनी मात्र मला थांबवलं. पोलिसांना दिलेला अर्ज पुढे उलटतपासात समोर ठेवला जातो, आणि मी तिथे रागाच्या भरात ‘व्यवसायात भागीदारीसाठी पैसे दिले’ असं लिहून बसलो होतो, फिर्यादीत ‘हातउसने’. त्या एका शब्दावर मला पिंजऱ्यात पाऊण तास उत्तरं द्यावी लागली.