बटाट्यावरची जमिनीतली बुरशी: बेणेप्रक्रिया, ट्रायकोडर्मा की फेरपालट?

बेण्यातला एक बटाटा उचला, ओला करा आणि अंगठ्याने चोळा. माती निघून जाईल. काळे ठिपके मात्र तसेच राहिले आणि नखाने खरवडल्यावरच सुटले, तर ती माती नव्हे, रायझोक्टोनिया बुरशीच्या गाठी आहेत. औषधाचं नाव विचारण्याआधी ही एवढी तपासणी करा, कारण रोग बेण्यातून येतोय की रानातच मुरलाय, यावर पुढचं सगळं ठरतं.

बेण्यावर गाठी असतील आणि रान तुलनेने नवं असेल, तर बेणेप्रक्रियेला तोड नाही. पेन्सिक्युरॉन किंवा फ्लुडिओक्सोनिलसारखं औषध कंदावर सारखं बसलं की कोंब जमिनीतच करपण्याचं प्रमाण चांगलंच घटतं. मात्र निम्मं बेणं गाठींनी भरलेलं असेल, तर औषधापेक्षा बेणंच बदललेलं बरं. बेणं कापून लावणार असाल, तर कापलेली बाजू सुकून साल धरू द्या. फ्युजेरियम बुरशीची कोरडी कुज जखमेतूनच आत शिरते.

ट्रायकोडर्मा स्वस्त आणि निर्धोक म्हणून सगळे सुचवतात. ती बुरशी दुसऱ्या बुरशीला वेटोळे घालून खाते, हे खरं. पण तिला ओल आणि सेंद्रिय खत लागतं. कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून, आठ-पंधरा दिवस वाढू दिली आणि मग सरीत टाकली तर उपयोग होतो. कोरड्या रानात नुसती भुकटी फेकली, तर मनाचं समाधान तेवढं मिळतं. रासायनिक बुरशीनाशकासोबत एकाच द्रावणात ती कालवू नका. माझ्या मते हा जोडीदार आहे, एकट्याच्या भरवशाचा उपाय नाही.

रानच बाधलेलं असेल, म्हणजे झाडं खालच्या पानांपासून, कधी एकाच बाजूने पिवळी पडून मरत असतील, तर व्हर्टिसिलियम या मर रोगाच्या बुरशीचा संशय घ्या. त्याच्या बारीक गाठी मातीत दहा-दहा वर्षं टिकतात, मुळं पोखरणारे सूत्रकृमी सोबत असले तर नुकसान आणखी वाढतं. इथे बेणेप्रक्रिया हात टेकते. तृणधान्यांची तीन-चार वर्षांची फेरपालट करा. वांगी, टोमॅटो लावून फेरपालट केली म्हणू नका, ती त्याच घरची पिकं. उन्हाळा कडक असेल आणि क्षेत्र लहान असेल, तर ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे अंथरून माती तापवणंही जमतं. मोठ्या रानाला ते परवडत नाही.

खवड्या, म्हणजे सालीवरच्या खरबरीत खपल्या, दिसला म्हणून यातलं काही करू नका. साधा खवड्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूचा, बुरशीनाशक त्याला जुमानत नाही. कंद धरायच्या वेळी ओल टिकवणं तिथे जास्त कामाचं.

आणि बिनखर्चाची एक गोष्ट: थंड मातीत खोल लावू नका आणि पाला मेल्यावर बटाटे फार दिवस जमिनीत ठेवू नका. काळ्या गाठी त्याच दिवसांत सर्वात जास्त धरतात.