टँग्रॅमचा लाकडी संच: घेण्याआधी तुकडे उलटून पाहा
टँग्रॅम म्हणजे सात सपाट तुकडे जुळवून आकृत्या बनवायचं कोडं. साडेचार-पाच वर्षांच्या मुलांसाठी संच चांगला; त्याहून लहानांना ठोकळ्यांचा डबा पुरे. पाच त्रिकोण, एक चौरस, एक समांतरभुज चौकोन. सातही तुकडे एकदम पुढ्यात ओतू नका. आधी फक्त दोन छोटे त्रिकोण द्या: लांब बाजू जुळवल्या की चौरस, आखूड जुळवल्या की मोठा त्रिकोण किंवा समांतरभुज चौकोन. चौरस तिरका ठेवला की मुलं त्याला हमखास पतंग म्हणतात. तिथेच तो फिरवून दाखवा.

खरी खोट म्हणजे रंग एकाच बाजूला आहे. काही आकृत्यांत समांतरभुज चौकोन पालथा घालावाच लागतो. मग कोरी बाजू वर येते आणि मुलाला वाटतं, चुकलं. नमुनेही फार बारीक छापलेत. तुकडे कागदावर मांडून, भोवती पेन्सिल फिरवून खऱ्या मापाचे नमुने घरीच काढावेत.