जीएनयू ‘डेट’ आणि ‘नेक्स्ट फ्रायडे’: सहा महिन्यांच्या वापरानंतर

रिमाइंडर अ‍ॅपच्या सॉफ्टवेअर-चाचण्यांत अपेक्षित तारीख काढायला लिनक्सवरची, जीएनयू प्रकल्पाची ‘डेट’ कमांड सहा महिने रोज वापरात आहे. ‘-डी’ या पर्यायापुढे इंग्रजीत वार लिहिला की ती तारीख देते. हिशोब पक्का आहे, पण तो वापरणाऱ्याच्या मनातला असेलच असं नाही.

बुधवार, ११ जून २०२५ धरा. ‘फ्रायडे’, ‘धिस फ्रायडे’, ‘नेक्स्ट फ्रायडे’ या तिन्हींचं उत्तर १३ जून. ‘लास्ट फ्रायडे’ ६ जून. आता शुक्रवारी १३ तारखेला तेच विचारा: ‘फ्रायडे’ म्हणजे आजच, ‘नेक्स्ट फ्रायडे’ मात्र २० जून. म्हणजे ‘नेक्स्ट’मुळे फरक पडतो तो फक्त आज तोच वार असेल तेव्हा. आपल्याकडे बुधवारी ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हटलं तर बरेच जण २० तारीख धरतात. १३ साठी ‘येत्या शुक्रवारी’ असा सरळ शब्द आहे. म्हणून मराठी स्क्रीनवरचं ‘पुढच्या’ डोळे झाकून ‘नेक्स्ट’ला जोडू नका. ‘आठ दिवसांनी’लाही जपा, बोलताना ते सातच दिवस असतात.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती संदर्भाची तारीख, म्हणजे ‘आज’ कोणता दिवस धरायचा ते. ‘२०२५-०६-११ नेक्स्ट फ्रायडे’ असं एकत्र दिलं की ११ जूनच परत येते. वार गाळला जातो आणि एररही येत नाही. ‘--डीबग’ लावलं तरच तशी सूचना दिसते. त्यामुळे चाचणीत ‘आज’ बदलायचा तर ‘फेकटाइम’ या खोटी वेळ दाखवणाऱ्या साधनातून घड्याळच बदला आणि ‘-डी’ला फक्त वार द्या.

‘थर्ड फ्रायडे’ महिन्यातला तिसरा शुक्रवार देत नाही, आजपासून पुढचा तिसरा देतो: ११ जूनला विचारलं तर २७ जून, २० नव्हे. ‘सेकंड फ्रायडे’ तर त्याहून फसवं. इथे ‘सेकंड’ म्हणजे वेळेतला एक सेकंद, म्हणून उत्तर १३ जून, ००:००:०१. तारखेसोबत वेळही छापली तरच हे पकडता येतं. दुसरा हवा असेल तर ‘२ फ्रायडे’ असा आकडा द्या.

टाइमझोन प्रत्येक चाचणीत स्पष्ट लिहाच. भारतात शुक्रवारी १३ जूनला पहाटे २ वाजता यूटीसीवरच्या (जागतिक प्रमाणवेळेवरच्या) सर्व्हरवर अजून गुरुवारचे २०:३० झालेले असतात. तिथे ‘नेक्स्ट फ्रायडे’ १३ तारीख देतो, ‘एशिया/कोलकाता’ लावल्यावर २०. दिवसा हिरव्या दिसणाऱ्या, म्हणजे पास होणाऱ्या चाचण्या रात्री नापास होतात त्या बहुधा याच साडेपाच तासांत.

सात संदर्भवार, सात विचारलेले वार आणि चार शब्दरूपं (नुसता वार, ‘धिस’, ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’) मिळून १९६ जोड्या होतात. सगळ्या चालवा, पण हाताने तपासायच्या त्या आज तोच वार असलेल्या २८. अ‍ॅपच्या मूळ कोडमध्ये मात्र ‘डेट’चा अर्थ उचलू नका. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘नेक्स्ट’ आणि ‘नेक्स्टऑरसेम’ ही वेगळी फंक्शन्स आहेत. आजचा दिवस धरायचा की नाही, हे तिथे नावातच कळतं.