सेटअप चुकला की टेस्ट तिथेच थांबवायची: सहा महिने वापरून

देवगडला घरून काम करतो, फाइल सिस्टमच्या (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या भागाच्या) टेस्ट रोज रात्री जुन्या लिनक्स डेस्कटॉपवर लूप डिव्हाइसवर, म्हणजे डिस्क म्हणून वापरलेल्या साध्या फाइलवर, चालतात. एक्सएफएसटेस्ट्स हा तयार टेस्टसंच आहेच, शिवाय आमच्या स्वतःच्या शेल स्क्रिप्ट, आणि खरी कटकट या आमच्याच स्क्रिप्टची होती.

जुलैत रात्री लाईट गेली, इन्व्हर्टरपण संपला. लाईट आल्यावर मशीन आपोआप चालू झालं आणि टेस्ट सुरू, पण रीबूटनंतर लूपची जोडणी राहत नाही, मग माउंट (डिस्क फोल्डरला जोडणं) फेल, स्क्रिप्टने बघितलंच नाही आणि रिकाम्या फोल्डरमध्येच म्हणजे थेट मशीनच्या मुख्य (रूट) डिस्कवर लिहीत सुटली. सकाळी डिस्क १००%. लॉगमध्ये माउंट फेलची एक ओळ आणि तिच्याखाली भराभर पास, पास, पास!

दुसरा प्रकार तर ह्याहून वाईट. एमकेएफएसचं (नवी फाइल सिस्टम बनवणारी कमांड) आउटपुट पाइपने टीला (आउटपुट लॉगमध्येही लिहिणारी कमांड) दिलेलं, त्यामुळे एक्झिट कोड टीचा यायचा, शून्य, म्हणजे 'सगळं ठीक'. जुन्या कॉन्फिगमध्ये सीआरसी=० (चेकसम बंद) राहिलेलं आणि मी रिफ्लिंक=१ (कॉपी करताना तोच डेटा दोन फाइलींनी वाटून घेणं चालू) टाकलं, सीआरसीशिवाय रिफ्लिंक होतच नाही म्हणून एमकेएफएसने नकार दिला, पण आदल्या रात्रीची फाइल सिस्टम तशीच होती ती मस्त माउंट झाली. कॉपीच्या कमांडला रिफ्लिंक=ऑटो, म्हणजे जमलं नाही तर गुपचूप साधी कॉपी. आठ दिवस सगळं हिरवं. आई 'झिला, जेवूक ये' म्हणून हाका मारतेय आणि मी एक्सएफएस इन्फोमधल्या (फाइल सिस्टमची माहिती दाखवणारी कमांड) रिफ्लिंक=० कडे बघत बसलोय, इतका राग आलेला.

तेव्हापासून पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड चुकली तर चूक धरणारा शेलचा पर्याय) चालू, एमकेएफएस किंवा माउंट चुकलं की तिथेच एक्झिट, आणि माउंटपॉइंटच्या रिकाम्या फोल्डरला चॅटर +आय (फोल्डर बदलता येऊ नये अशी खूण), म्हणजे माउंट नसेल तर रूट युजरलासुद्धा तिथे लिहिता येत नाही. हे शेवटचं तर आजच करा, एका ओळीचं काम आहे. नुसत्या सेट -ई वर (कमांड चुकली की स्क्रिप्ट थांबवणारा पर्याय) विसंबू नका, इफच्या अटीत किंवा ऑर-ऑरच्या (||) डावीकडे ते लागूच होत नाही.

त्रास एवढाच की पहिल्या आठवड्यात निम्मं लाल झालं, सगळे जुने झाकलेले घोळ वर आले. आणि ज्या टेस्टमध्ये माउंट फेलच व्हायला हवं त्यांना वेगळं फंक्शन लागतं, एक्सएफएसटेस्ट्समध्ये त्यासाठी ट्राय-स्क्रॅच-माउंट आहे, मी तसंच केलं. सेटअपच्या चुकीला 'नॉट रन' मात्र दाखवू नका, ते फीचर नसेल तेव्हासाठी आहे, त्या यादीकडे सकाळी कोणी बघत नाही.

गेल्या महिन्यात परत दोनदा लाईट गेली. दोन्ही वेळा पहिल्याच टेस्टला थांबलं, लॉगमध्ये एकच ओळ, लूप जोडलेला नाही.